फोनवरून फुंकर: दूरच्या माणसासाठी केलेल्या दुआंचा इतिहास

मागचे तीन लेख रिसर्च प्रपोजल, लिटरेचर रिव्ह्यू आणि पेटचा इंटरव्ह्यू यांवर झाले. बऱ्याच जणांनी विचारलं, "ताई, तुमचा स्वतःचा विषय नक्की काय आहे?" म्हणून आज त्यातलंच एक प्रकरण सांगते. विषय निवडताना कुठे अडखळायला होतं, तेही त्यातून दिसेल.

सुरुवात लायब्ररीत नाही, हॉस्टेलच्या खोलीत झाली. एम.एस्सी. केमिस्ट्रीला असताना माझी रूममेट रत्नागिरीकडची होती. कोकणी मुसलमान कुटुंब, वडील जहाजावर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात. रोज रात्री दहाच्या सुमारास तिच्या अम्मीचा फोन यायचा. जेवलीस का, झोपतेस कधी, असं नेहमीचं बोलणं झालं की पलीकडून हलक्या आवाजात काही पुटपुटणं ऐकू यायचं आणि शेवटी एक फुंकर. मोबाइलच्या स्पीकरमधून फुर्रर्र. एकदा तिला चांगला १०२ ताप होता, फोन उशाशी ठेवून ती डोळे मिटून पडली होती, आणि मी विनोद केला: "अगं, नेटवर्कवरून हवा येत नाही." ती हसली नाही. मी गोळी दिली, तिने ती घेतलीसुद्धा, पण तो फोन काही तिने कानापासून दूर केला नाही.

तो विनोद मला अजून खुपतो. गंमत अशी की त्यात एक खराखुरा प्रश्न लपला होता. जी प्रार्थना स्पर्शाने आणि श्वासाने करायची, ती माणूस जवळ नसेल तर पोचवायची कशी? इस्लामी परंपरेत या प्रश्नाला किमान अकराशे-बाराशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात कागद, केशर, शिसं, पितळ अशा वस्तू येतात. माझ्यासारख्या केमिस्ट्रीवालीला आत शिरायला तिथेच दार सापडलं.

आधी मूळ पद्धत बघू. आजारी माणसावर काही पठण करून फुंकर घालायची किंवा हात फिरवायचा, याला अरबीत रुक्या म्हणतात. हदीसच्या संग्रहांत याची वर्णनं भरपूर आहेत आणि ती जवळजवळ सगळी घरगुती आहेत. प्रेषित मुहंमद घरातल्या आजारी माणसावर उजवा हात फिरवत आणि माणसांच्या पालनकर्त्याने दुखणं दूर करावं, आजाराचा मागमूसही न ठेवणारा आराम द्यावा, असं मागत. हसन आणि हुसैन या नातवंडांसाठी ते सैतान, विषारी जीव आणि वाईट नजर यांपासून आश्रय मागत, आणि सांगत की इब्राहीमही आपल्या मुलांसाठी, इस्माईल आणि इसहाकसाठी, याच शब्दांत आश्रय मागायचे. म्हणजे दुआ आजोबांकडून नातवाला आणि त्याच्याही मागे बापाकडून लेकरांना, अशी साखळी. प्रेषितांच्या शेवटच्या आजारात पत्नी आयशा कुरआनातल्या आश्रय मागणाऱ्या सूरा म्हणत आणि त्यांचाच हात हातात घेऊन त्यांच्या अंगावरून फिरवत, कारण त्या हातात बरकत जास्त असं त्यांना वाटे. आणखी एका वर्णनात बोटाला लाळ लावून मातीला टेकवायचं आणि दुखऱ्या जागी लावायचं, असं येतं.

हात, श्वास, लाळ, माती. प्रत्येक ठिकाणी अंतर शून्य आहे. आपल्याकडे आजी दृष्ट काढते तीही पोराला समोर बसवूनच.

इथे एक मिनिट थांबते, कारण आपल्या सरावाचा भाग आहे. हे सगळं सातव्या शतकातलं म्हणून मी सांगतेय, पण ज्या संग्रहांत ते आपल्यापर्यंत आलंय ते नवव्या शतकातले आहेत. बुखारी ८७० साली वारले, अबू दाऊद ८८९ साली, तिर्मिझी ८९२ साली. एखादी हदीस प्रेषितांच्या काळात कितपत मागे नेता येते, यावर अभ्यासकांत मोठे वाद आहेत आणि प्रत्येकाची बाजू वेगळी आहे. माझ्या कामापुरतं मी एवढंच धरते: नवव्या शतकापर्यंत लोक या गोष्टींवर इतक्या बारकाईने बोलत होते, की कोणती प्रार्थना कुणी, कुणासाठी, कशी केली हे लिहून ठेवण्याइतकं त्यांना ते महत्त्वाचं वाटत होतं. एवढ्यावर उभं राहता येतं. त्याहून पुढचं पाऊल टाकायचं तर वेगळा पुरावा लागतो.

आता मला सगळ्यात आवडलेली नोंद. अबू दाऊद आणि तिर्मिझी दोघांकडेही आहे. झोपेत घाबरून, दचकून उठणाऱ्यांसाठी एक दुआ शिकवली गेली होती. तिच्या शेवटी निवेदक जाता जाता सांगतो, की अब्दुल्ला इब्न अम्र हे त्यांच्या मुलांपैकी जी जाणती होती त्यांना ती दुआ पाठ करायला लावत, आणि जी अजाणती होती त्यांच्यासाठी ती लिहून गळ्यात अडकवत.

बस्स, एवढंच वाक्य. पण बघा, काय झालंय. बाप काही चोवीस तास पाळण्याशी बसू शकत नाही. मोठं पोर स्वतः म्हणेल. तान्ह्याला बोलताच येत नाही. मग बापाचे शब्द बापाशिवाय तिथे राहावेत म्हणून कागद, कातडं, जे काय असेल ते आलं. ताईत म्हणून आपण जी वस्तू ओळखतो तिच्यामागचा विचार या एका ओळीत दिसतो: म्हणणारा गैरहजर असताना म्हणणं हजर ठेवणं. मराठीतला 'ताईत' हा शब्दसुद्धा अरबी 'तावीज'वरून आलेला मानतात, आणि त्या शब्दाचा धातू आश्रय मागणे या अर्थाचा. आयशा ज्या सूरा म्हणत त्यांच्या नावातही तोच धातू आहे. आपण लाडक्या माणसाला 'गळ्यातला ताईत' म्हणतो तेव्हा त्या पाळण्यातल्या पोराच्या फार जवळ असतो.

हे सगळ्यांना मान्य होतं असं मात्र समजू नका. 'तमीमा', म्हणजे गळ्यात-दंडात अडकवायची रक्षक वस्तू, हिच्याविरुद्ध कडक हदीस आहेत. एका प्रसंगात दहा जण प्रेषितांकडे निष्ठेची शपथ घ्यायला येतात, नऊ जणांची शपथ घेतली जाते आणि एकाची अडवली जाते, कारण त्याच्या अंगावर तमीमा असते. ती तोडल्यावरच त्याची शपथ होते. त्यामुळे पुढे विद्वानांत वाद चालूच राहिला. कुरआनातलेच शब्द लिहिले तर चालतील का? लिहिले तरी नको, असं म्हणणारेही होते आणि आजही आहेत. संरक्षण देवाकडून येतं की दोऱ्याकडून, हा त्यांचा मुद्दा. म्हणजे 'मुसलमान लोक ताईत बांधतात' किंवा 'इस्लाममध्ये ताईत नाही', ही दोन्ही वाक्यं प्रपोजलमध्ये लिहिलीत तर पहिल्याच पानावर लाल शाई येईल. मला आली होती.

आणि या वादात आपण ज्याला सर्वात कर्मठ समजू, तोच एकदम वेगळ्या जागी उभा दिसतो. बगदादचे अहमद इब्न हंबल, मृत्यू ८५५. हदीसच्या बाबतीत अत्यंत काटेकोर माणूस. त्यांच्या एका शिष्याची आठवण दमास्कसच्या इब्न कय्यिम यांनी (मृत्यू १३५०) आपल्या ग्रंथात दिली आहे. शिष्य सांगतो, की मला ताप आल्याचं गुरूंच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी तापासाठी एक चिठ्ठी लिहून पाठवली. चिठ्ठीत इब्राहीमला जाळायला पेटवलेल्या आगीला थंड होण्याची आज्ञा झाली, तो कुरआनातला संदर्भ होता, आणि ही चिठ्ठी ज्याच्यापाशी आहे त्याला बरं कर, अशी विनंती होती. ताप म्हणजे आग, हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. 'कानावर गेलं' आणि 'लिहून पाठवली' ही दोन क्रियापदं मात्र मी डायरीत अधोरेखित करून ठेवली. गुरू तिथे नाही, हात ठेवू शकत नाही, म्हणून चिठ्ठी जाते. (सावधपणे वाचायचं ते हे, की नोंद करणारा पाचशे वर्षांनी लिहितोय आणि त्याला स्वतःलाही एक बाजू मांडायची आहे.)

त्याच ग्रंथात अडलेल्या बाळंतिणीची गोष्ट आहे. एक माणूस येऊन सांगतो, की बाई दोन दिवस अडली आहे. अहमद म्हणतात, त्याला रुंद भांडं आणि केशर आणायला सांगा. भांड्याच्या आत केशराने आयती लिहायच्या, पाण्याने धुवायच्या आणि ते पाणी बाईला प्यायला द्यायचं.

आता माझ्यातली केमिस्ट जागी झाली. केशरच का? पवित्र, महाग, सुगंधी, हे सगळं आहेच. पण बहुतेक कॅरोटिनॉइड रंग पाण्यात विरघळत नाहीत. गाजराचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, हे आपण रोज बघतो. केशरातलं क्रोसिन मात्र त्याच्या रेणूला साखरेचे गट जोडलेले असल्यामुळे पाण्यात छान विरघळतं. शाईचंही तसंच. काजळीची शाई म्हणजे काजळी आणि डिंक. ती कागदाशी रासायनिक बंध करत नाही, ओलं फडकं फिरवलं की निघते. मायफळ आणि हिराकस यांची शाई वेगळी, ती हवेत काळी पडते, तंतूंत मुरते, धुऊन जात नाही आणि काळाबरोबर कागदच खाते. म्हणजे शब्द प्यायचे असतील तर एक द्रव्य, टिकवायचे असतील तर दुसरं. त्या माणसांना क्रोसिन ठाऊक नव्हतं, पण काय धुतलं जातं आणि काय राहतं हे पक्कं ठाऊक होतं. एखादं हस्तलिखित किंवा भांडं तपासताना मी आधी हे बघते, की शब्द राहावेत म्हणून लिहिलेत की जावेत म्हणून.

घरातल्या माणसापासून दूर असणाऱ्यांची एक रोजची प्रार्थना होती ती पत्रांतली. इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवरची आणि पुढे कागदावरची हजारो अरबी पत्रं सापडली आहेत. नवव्या शतकातली खासगी पत्रं उघडली की मजकुराच्या आधी दुआच असते. अल्लाह तुझं आयुष्य वाढवो, तुझी प्रतिष्ठा टिकवो, तुझ्यावरची कृपा पूर्ण करो. काही पत्रांत 'देव मला तुझ्याबदल्यात मोबदला करो' असं येतं, म्हणजे तुझ्यावरचं संकट माझ्यावर येवो. शब्द 'फिदा'. आपण सिनेमातल्या हिरोवर फिदा होतो तोच. मराठीत याला जवळचं काय, तर 'तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते'. हे ठरावीक मायने आहेत, त्यात भावना किती हे मोजता येत नाही, असं काही अभ्यासक म्हणतात. बरोबर आहे. पण आपणही 'काळजी घे' ठरावीकच लिहितो, आणि एखाद्या दिवशी समोरच्याने ते लिहिलं नाही तर लगेच लक्षात येतं.

गैरहजर माणसासाठी केलेली दुआ हा तर वेगळा मानच होता. सहीह मुस्लिममध्ये एक छोटा प्रसंग आहे. जावई सीरियात सासुरवाडीला येतो, सासरे घरी नसतात, सासूबाई उम्मुद्दर्दा भेटतात. त्या विचारतात, यंदा हजला निघालास का? हो म्हटल्यावर सांगतात, मग आमच्यासाठी दुआ कर. कारण पाठीमागे केलेली दुआ कबूल होते, करणाऱ्याच्या डोक्याशी एक फरिश्ता असतो, तो आमीन म्हणतो आणि तुलाही तसंच मिळो म्हणतो. म्हणजे या विचारात अंतर ही अडचण राहत नाही. माणूस समोर नाही, म्हणून दुआ उलट जास्त खरी.

मग वस्तूंची गरजच का पडावी? मला वाटतं, दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी चालल्या. विद्वानाला फरिश्ता पुरत असेल, पण बाजारात गर्दी कागदासाठी होती. आणि ती केवढी, हे आपल्याला एका अनपेक्षित वस्तूमुळे कळतं: छापील ताईत.

हो, छापील. गुटेनबर्गच्या चारेकशे वर्षं आधी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या पपायरस संग्रहात इजिप्तहून आलेल्या कागदांमध्ये काही अरुंद पट्ट्या दिसल्या. त्यावरची अक्षरं लिहिलेली नव्हती, ठशाने उमटवलेली होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अशी अकराव्या शतकातली एक पट्टी आहे, साधारण २३ सेंटीमीटर लांब आणि साडेआठ रुंद. अशा पट्ट्यांवर कुरआनातल्या आयती, देवाची नावं, बाळगणाऱ्याच्या रक्षणाची विनंती असते. त्या गुंडाळून डबीत घालायच्या आणि अंगावर बांधायच्या. काहींसोबत शिशाची डबीही टिकली आहे. दहाव्या ते चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत हे चाललेलं दिसतं आणि मग थांबतं. गंमत म्हणजे इतकी शतकं चाललेल्या या कामाबद्दल त्या काळचे विद्वान लेखक जवळजवळ गप्प आहेत.

कोडं काही अंशी सुटलं ते १९८७ साली. रिचर्ड बुलिएट या इतिहासकाराने दहाव्या शतकातल्या अबू दुलफची एक कविता पुन्हा वाचली. कविता भटक्या भिकाऱ्यांच्या, ठकांच्या जगाबद्दल, त्यांच्याच सांकेतिक बोलीत आहे. तिच्यात 'तर्श' असा एक शब्द येतो, तोच चौदाव्या शतकातल्या दुसऱ्या एका कवितेतही. बुलिएटचं म्हणणं, की तर्श म्हणजे ताईत छापायचा साचा, बहुधा कथिलाचा. साचा कथिलाचा की लाकडाचा यावर वाद अजून मिटलेला नाही. पुढे २००६ मध्ये कार्ल शेफर यांनी युरोप-अमेरिकेतल्या अशा पट्ट्यांचा कॅटलॉग काढला. या विषयात शिरायचं असेल तर तिथून शिरा.

पण पुरावा कुठला आहे हे बघा. लिखित उल्लेख आहे तो ठकांच्या कवितेत. त्यावरून निष्कर्ष काढायचा मोह होतो, की हे सगळं अडाणी गिऱ्हाइकाला फसवायचं साधन. पट्ट्यांवर चुका आहेत, शब्द गळलेत, म्हणजे कोरणाऱ्यालाही धड वाचता येत नसावं. हे खरं. पण विकणाऱ्याबद्दल जे कळतं त्यावरून घेणाऱ्याचं मन कळत नाही. घेणारी बाई पोराला ताप आलाय म्हणून दिरहम मोजत होती, तिच्याबद्दल कवी काहीच बोलत नाही. तिच्याविषयी बोलते ती फक्त पट्टी: गुंडाळल्याच्या रेषा, झिजलेल्या कडा. कुणीतरी ती खूप दिवस अंगावर वागवली होती.

'मग त्यांनी पुस्तकं का नाही छापली?' हा प्रश्न प्रत्येक सेमिनारमध्ये येतो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. तो गृहीत धरतो की छपाईचं एकच खरं काम, पुस्तक. त्यांना एकसारखा, लहान, स्वस्त, अंगावर मावेल असा मजकूर हवा होता, आणि तो त्यांनी छापला.

तांबड्या समुद्रावरच्या कुसैर बंदराचाही उल्लेख करते, कारण तिथे आपल्याकडचा धागा आहे. उत्खननात एका घरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे कागद सापडले. मालाच्या चिठ्ठ्या, पत्रं आणि त्यांच्यातच ताईतही. त्याच बंदरात भारतातली मिरी, नारळ, सागवान आणि गुजरातेत ठशांनी छापलेलं सुती कापड मिळालंय. आजचे हिशोब, उद्याचं जहाज आणि घरच्यांसाठी आश्रयाची मागणी, सगळं एकाच ढिगात. दख्खनमध्ये प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर नाणं कापडात गुंडाळून बांधतात, त्याला इमाम जामिन म्हणतात. सुखरूप पोचलं की ते दान करायचं. तेही याच घराण्यातलं.

आता कटोरे. बाराव्या शतकापासून सीरिया-इजिप्तमध्ये पितळेचे, आतून-बाहेरून कोरलेले कटोरे दिसू लागतात. त्यांत पाणी, दूध किंवा तेल घालून प्यायचं. कशासाठी, तेही कटोऱ्यावरच कोरलेलं असतं: साप, विंचू, पिसाळलेलं कुत्रं, ताप, पोटशूळ, अडलेली बाळंतीण, अर्धशिशी. केशराने लिहिलेलं एकदा धुतलं की संपतं. इथे मजकूर धातूत कोरलाय, तो जन्मभर पुरतो, शेजारी उसना मागून नेतात.

यातल्या काही कटोऱ्यांवर एक सूचना आहे, आणि ती वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. आजारी माणसाने यातून प्यावं, किंवा त्याच्या निरोप्याने प्यावं. विंचू चावलेला माणूस लांबच्या गावात आहे, येऊ शकत नाही. त्याचा माणूस धावत येतो आणि त्याच्या वतीने पाणी पितो. औषध एकाने घ्यायचं, उतार दुसऱ्याला. केमिस्ट्रीच्या दृष्टीने याला काडीचाही अर्थ नाही. पण माझ्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर दुसरं कुठेच मिळालं नव्हतं. इथे अंतर मान्य केलंय आणि त्यावर माणूस पाठवलाय.

हे लोक औषध सोडून कटोऱ्यामागे लागले होते का? तारखा असलेल्या सर्वात जुन्या कटोऱ्यांपैकी एक ११६०च्या दशकाच्या उत्तरार्धातला आहे आणि त्यावर नाव आहे सीरियाचा शासक नूरुद्दीन झंगी याचं. हाच नूरुद्दीन ज्याने ११५४ मध्ये दमास्कसमध्ये मोठं रुग्णालय बांधलं, जिथे पगारी वैद्य होते, औषधं होती आणि जे पुढे कित्येक शतकं चाललं. एकच माणूस, दोन्ही गोष्टी. आपण ज्या खणात एकाला 'विज्ञान' आणि दुसऱ्याला 'श्रद्धा' म्हणून ठेवतो, तसे खण त्याच्या डोक्यात नव्हते.

या कटोऱ्यांचा अभ्यास ज्यांनी मन लावून केला, त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डॉ. तौफीक कनान, जन्म १८८२, बेथलेहेमजवळच्या बैत जाला गावचे, ख्रिस्ती पॅलेस्टिनी. बैरूतला वैद्यकी शिकले, १९०५ मध्ये डॉक्टर झाले, जेरुसलेममध्ये कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाचे प्रमुख होते. पूर्णपणे आधुनिक डॉक्टर. आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू पेशंटांच्या गळ्यात, दंडात, बाळाच्या टोपीला जे काही दिसे, ते ते गोळा करत. तोडून फेकत नव्हते. हे काय आहे, कुठून आणलं, कशासाठी, असं विचारत आणि टिपून ठेवत. असे सुमारे १४०० ताईत, मणी, कटोरे जमले. कटोऱ्यांवर त्यांनी १९३६ मध्ये आणि ताईतांवरची चिन्हं कशी वाचायची यावर १९३७ मध्ये लेख लिहिले. १९४८च्या युद्धात त्यांचं घर आणि ग्रंथसंग्रह गेला. ताईत आधीच दुसरीकडे सुरक्षित ठेवले होते म्हणून वाचले. आज तो संग्रह बीरझैत विद्यापीठात आहे.

मला कनान यांचा हेवा वाटतो तो त्या विचारण्याचा. म्युझियममधल्या पट्टीला मी विचारू शकत नाही की तुला कुणी बांधलं. त्यांना विचारता आलं, आणि पेशंटने सांगितलं, कारण हा डॉक्टर हसणार नाही हे त्याला माहीत असणार.

आता माझी फजिती. पहिल्या प्रपोजलचं शीर्षक मी 'मध्ययुगीन इस्लाममधील वैद्यकीय अंधश्रद्धा' असं दिलं होतं. प्रेझेंटेशनला एका सरांनी विचारलं, "यात तुम्ही काय शोधणार?" मी म्हटलं, "या गोष्टी कशा चुकीच्या होत्या ते." ते म्हणाले, "ते तर तुम्हाला आजच माहीत आहे. मग तीन वर्षं फेलोशिप कशाला?" खोलीत हशा पिकला. रडू येण्याच्या बेतात होते. गाईडनी नंतर चहाच्या टपरीवर एवढंच सांगितलं, की शीर्षकातच उत्तर असेल तर प्रश्न कुठे ठेवणार.

दुसऱ्या बाजूचा खड्डाही आहे. विषय समजून घेता घेता माणूस वकिली करायला लागतो. महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. यादी बघा: साप, विंचू, कुत्रं. आठशे वर्षांपूर्वीच्या पितळेवरची तीच तीन नावं. मी हा कायदा मनापासून मानते. सर्पदंशावर प्रतिविष हेच औषध, याबाबत माझ्या थिसीसमध्ये एक शब्दही संदिग्ध असणार नाही. पण कायद्याने अडवलंय ते रोखणं. फोनवर पुटपुटणाऱ्या आईने कुणाला रोखलेलं नसतं. बाराव्या शतकातल्या निरोप्यावर लिहिताना हा फरक हातातून निसटू न देणं, हे माझं रोजचं काम आहे, आणि ते मला रोज जमतंच असं नाही. मागच्या आठवड्यात एका प्रकरणाचा मसुदा परत आला. समासात शेरा होता: 'इथे तुम्ही त्यांच्या बाजूने बोलताय की त्यांच्याबद्दल?' मला उत्तर देता आलं नाही. दोन पानं काढून टाकली.

रूममेट आता दुबईला असते. गेल्या मे महिन्यात मी तिच्या गावी गेले होते, तेव्हा अम्मींना शेवटी विचारलंच. "काकू, तुम्ही फोनवर फुंकर घालता, ती तिला पोचते कशी?" त्या आंबे चिरत होत्या. म्हणाल्या, "फोन तर आता आला गो. तिचे अब्बा आगबोटीवर असत तेव्हा कुठला फोन? समुद्राकडे तोंड करून फुंकायची मी." मग जरा थांबून म्हणाल्या, "फोनवर फुंकली की पोरीला कळतं मी फुंकली म्हणून. एवढंच."

मी ते वहीत लिहून घेतलं, तारीख आणि गाव टाकून, कनान लिहायचे तसं. आणि आंबे खाल्ले.